डोलनच्या दोन पेट्या आणि मागच्या दोन खोल्या

मी, ताराबाई वामन जाफराबादकर, वय एकसष्ट, पूर्वीचा धंदा शिक्षिकेचा, राहणार जालना, स्टेशन रस्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी, दिवसाच्या उजेडात लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असते. इथे त्याला पुरावा जोडावा लागतो, कारण माझ्या दिराचे चिरंजीव शरदचंद्र वकील गेले वर्षभर कचेरीच्या आवारात सांगत आहेत की, खुनाच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून काकूच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

गेल्या आठवड्यात त्यांनीच परभणीच्या डॉ. श्रीपती राजूरकरांना माझ्याकडे पाठवले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, मग वार विचारला, महिना विचारला, तेराचा पाढा म्हणायला लावला. शेवटी म्हणाले, "बाई, सध्या राज्य कोणाचं आहे?"

"सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, त्याआधी विचारलं असतंत तर उत्तर वेगळं आलं असतं," मी म्हणाले. "तुमचंही."

डॉक्टर हसले. छातीबद्दल त्यांनी जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. हृदय थकले आहे आणि ते कधी थांबेल याचा भरवसा नाही. डोक्याबद्दल त्यांनी दाखला लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. आज ते साक्षीदार म्हणूनही आले आहेत. पाठवलेला माणूस प्रामाणिक निघेल हे शरदचंद्रांनी धरले नव्हते.

मजकूर मराठीत आहे. अदालतीला उर्दू तर्जुमा हवा असेल तर अदालतीने करून घ्यावा.

कलम १. घर. स्टेशन रस्त्यावरचे घर मी माझ्या पगारातून घेतले. त्यात जाफराबादकरांचे काही नाही. मला दहाव्या वर्षी वैधव्य आले. यजमानांना मी त्याआधी दोनदा पाहिले होते. सासऱ्यांनी मला माहेरी परत धाडले, भावाने पुण्याला शिकायला ठेवले, आणि सन १९११ साली मी बी. ए. झाले. पुढे जालन्यात मुलींच्या खाजगी मराठी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले ती इथलीच झाले. तोवर सासरकडून कोणी विचारपूस केली नव्हती. घर झाल्यावर केली.

हे घर मी माझ्या भावाची मुलगी विमल हिला देत आहे. ती औरंगाबादला शिक्षिका आहे आणि येत्या जूनपासून जालन्यातल्या शाळेत येणार आहे. अट एकच. पुढच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी जे वाचन चालते ते तिने चालू ठेवावे. हे मृत्युपत्र टिकले नाही तर घर सासरच्या वारसाला, म्हणजे शरदचंद्रांना, जाईल. त्यांनी सरकीच्या एका व्यापाऱ्याला ते गोदामासाठी आधीच दाखवून ठेवले आहे. व्यापारी सज्जन होता. दारातून आत आला तेव्हा मला जिवंत पाहून त्याने माफी मागितली.

कलम २. पुस्तके. दोन लाकडी पेट्यांत डोलन या खाजगी हेराच्या कादंबऱ्या आहेत. शाळेच्या परवानगीसाठी मला हैदराबादला तालीम खात्यात वरचेवर खेटे घालावे लागत. अशाच एका खेपेला सिकंदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या ढिगात, पहिली मिळाली. गाडीत वेळ जावा म्हणून घेतली. जालना कधी मागे पडले ते कळले नाही, औरंगाबादला उतरून परत यावे लागले. शाळा माझ्यावाचून त्या दिवशी उशिरा उघडली. पुढे दुकानदार माझ्यासाठी डोलन वेगळा काढून ठेवू लागला.

शाळेच्या चालक मंडळींना हे वाचन हलके वाटे. पदवीधर बाईने असले काही वाचावे का, असे मला एका सभेत विचारण्यात आले. तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण कामकाजपत्रिकेत तो विषय नव्हता. आता देते.

कॉलेजात मी दुसऱ्या तऱ्हेच्या हेरकथा वाचल्या होत्या. त्यांत एका मोठ्या घरात खून होतो, एक हुशार गृहस्थ सर्वांना दिवाणखान्यात बसवतो, बोट दाखवतो आणि गोष्ट संपते. खुनी कोण ते कळले म्हणजे न्याय झाला, असे तिथे गृहीत धरलेले असते. मी या संस्थानात पस्तीस वर्षे काढली. इथे खून कोणी केला ते गावाला माहीत असते, फौजदारालाही माहीत असते. ते कोण बोलणार आणि बोलल्यावर त्याचे काय होणार, एवढाच प्रश्न असतो. डोलनच्या कादंबऱ्या त्या प्रश्नापासून सुरू होतात. त्याच्या शहरात फौजदार विकला गेलेला आहे, नगराध्यक्ष विकला गेलेला आहे, आणि दर पुस्तकात एखादा साक्षीदार विकला जातो. डोलन काही फार हुशार नाही. त्याला मार बसतो. फी बेताची घेतो, आणि गप्प बसण्यासाठी दिलेले पाकीट परत करतो. शेवटी शहर होते तसेच राहते, तो आपल्या भाड्याच्या खोलीवर जाऊन कॉफी करतो. त्यावर भाषण करत नाही. चालक मंडळींच्या सभांना इतकी वर्षे बसल्यावर न केलेल्या भाषणाचे मोल कळते.

निवृत्त झाल्यावर मी गुरुवारचे वाचन सुरू केले. इंग्रजी पुस्तक समोर धरायचे आणि तोंडाने मराठी सांगायचे. ऐकायला शेजारच्या द्वारकाबाई आणि माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या गोजरबाई. रझाकारांच्या दिवसांत दारे लावून बसावे लागे, तेव्हा वाचन रोज होई.

पहिल्याच पुस्तकाला गोजरबाई म्हणाल्या, "बाई, ह्यो मानूस सकाळधरनं मार खाऊन राह्यला. भाकर कवा खाईल?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"मंग लिहिनारा गडीमानूस हाय. भाकर कोन करतं ते त्याला ठाऊकच न्हाई."

द्वारकाबाईंचा जीव रेशमी झग्याच्या बाईने टांगणीला लागे. अशी एक बाई जवळजवळ दर पुस्तकात येते. "आली सटवी! बाई, त्याला सांगा ना, दार उघडू नको म्हनावं."

"द्वारकाबाई, पुस्तक छापून झालंय."

"इंग्रजीत झालंय ना? तुम्ही मराठीत न्हाई उघडलं म्हना!"

मी मराठीतही उघडले. दोन्ही पेट्या विमलला देत आहे. तिनेही उघडावे. काही वगळू नये आणि काही गोड करू नये. वाक्ये आखूड आहेत, ती आखूडच ठेवावीत.

कलम ३. शरदचंद्र. कॉलेजात असताना ते एका उन्हाळ्यात माझ्याकडे राहिले. मी त्यांना आमरस दुसऱ्यांदा वाढला नाही. जाण्यापूर्वी त्यांनी पेट्या उघडून, शेवटची पाने तेवढी वाचून, हाती लागलेल्या प्रत्येक कादंबरीच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव शाईने लिहून ठेवले. मी त्या सर्व कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. काही बिघडले नव्हते. नाव माहीत असूनही मी पाने उलटतच होते. डोलन विकला जातो की नाही, हे पहिल्या पानावर लिहिता येत नाही. ते प्रत्येक पानावर नव्याने ठरत असते. माझ्या वाचनाचे मर्म मला शरदचंद्रांमुळे समजले, म्हणून त्यांना विसरणे बरे नव्हे. ती पहिली पाने कापून त्यांना द्यावीत. हस्ताक्षर त्यांचे आहे.

कलम ४. गोजरबाई. घराच्या मागच्या दोन खोल्या, न्हाणी आणि परसातल्या लिंबाखालची जागा गोजरबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहण्यास द्यावी. विमल किंवा इतर कोणीही त्यांना उठवू नये. गोजरबाई टेंभुर्णीच्या. पती कडूबा वारल्यावर दिरांनी जमीन वाटून घेतली आणि यांना गोठ्यात झोपायला सांगितले. त्या जालन्याला आल्या त्याला सतरा वर्षे झाली. हे कलम लिहिले तेव्हा त्यांनी विचारले, "माझं नाव कागदावर हाय?"

"आहे."

"वाचून दावा."

वाचून दाखवले. भाजी निवडून झाल्यावर त्या पुन्हा आल्या आणि मी पुन्हा वाचून दाखवले.

कलम ५. किरकोळ. शिवणयंत्र द्वारकाबाईंना. भिंतीवरचे घड्याळ शाळेला. ते बरोबर चालते, सभा संपवायला उपयोगी पडेल. इंग्रजी शब्दकोश विमलला, डोलन त्याच्याशिवाय जमणार नाही. माझ्या मागे तेराव्याचे जेवण घालू नये. ज्यांना मी जिवंतपणी जेवायला बोलावले नाही त्यांना नंतर बोलावण्याचे कारण नाही.

कलम ६. दुरुस्ती. इथवर लिहून झाले होते. दुसरे साक्षीदार म्हणून निवृत्त पोस्टमास्तर रामराव यांनी यायचे कबूल केले होते. ते आले. चहा घेतला. मग बशीकडे पाहत म्हणाले, "बाई, माझी सही राहू द्या."

"का?"

"काल शरदरावांनी बोलावलं होतं. माझ्या धाकट्याला कचेरीत चिकटवून देतो म्हणून राह्यले."

"आणि तुम्ही सही केलीत तर?"

"मंग बिलकुल न्हाई. वर अदालतीत चार वर्षं फिरवीन म्हणाले. माझं वय काय, बाई?"

"तुमचं वय मला माहीत आहे. चहा पुरा करा."

त्यांनी पुरा केला आणि गेले. रामरावांवर माझा राग नाही. धाकटा मुलगा तीन वर्षे घरी बसून आहे. गल्लीतल्या इतर दोघांनी कालच निरोप पाठवला होता की ते बाहेरगावी आहेत, दोघांचीही धोतरे आज दोरीवर वाळत आहेत. द्वारकाबाईंना मी विचारले नाही. त्यांच्या शेताचा दावा शरदचंद्रांच्याच हातात आहे. डॉक्टरांची गाडी संध्याकाळची, आणि एकाच साक्षीदाराचा कागद शरदचंद्र पहिल्याच तारखेला फेटाळून घेतील.

डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन दिवस थांबा. मी परभणीहून कोणालातरी घेऊन येतो."

"दोन दिवसांची हमी देता?"

त्यांनी दिली नाही.

गोजरबाई कपबश्या उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी देते अंगठा."

"तुमचा चालणार नाही. तुम्हांला खोल्या मिळतात. ज्याला मिळतं त्याची साक्ष विकत घेतली, असंच वकील म्हणेल."

"मंग खोल्या काढा."

"गोजरबाई, तुमचं नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही."

"ठाऊक हाय मला. पन ह्यो कागद फाटला तर समदंच त्याच्या घशात जाईल. खोल्या बी, इमलबाईचं घर बी, पेट्या बी. मंग माझं नाव कुठं वाचून दावसाल?"

मी कलम ४ चे पान पुन्हा समोर घेतले. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते.

"काढा जल्दी," गोजरबाई म्हणाल्या. "दूध वर येऊन राह्यलंय."

सबब कलम ४ रद्द केले आहे. त्यावर रेघ मारली असून रेघेशेजारी माझी सही आहे. रेघ एकच आणि बारीक मारली आहे. खालचा मजकूर वाचता येतो.

माझ्या मागे गोजरबाईंनी कुठे राहावे याबद्दल मी विमलला या कागदात काही सांगत नाही, तोंडी सांगितलेले नाही, आणि निराळी चिठ्ठीही ठेवलेली नाही. सांगितले तर तो लाभ ठरेल आणि साक्ष जाईल. विमलला वाचता येते.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न वगळता, वाचून दाखवला. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

मुक्काम जालना, गुरुवार, दिनांक २५ नोव्हेंबर १९४८.

(सही) ताराबाई वामन जाफराबादकर, बी. ए.

साक्षीदार:

१. (सही) डॉ. श्रीपती राजूरकर, राहणार परभणी. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना मी आज पुन्हा तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. निशाणी अंगठा, गोजरबाई भ्रतार कडूबा, मूळ राहणार टेंभुर्णी, हल्ली जालना. या साक्षीदारास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.