डोंगरावरचे सोलापुरी माळवद

मी, गोदावरी भ्रतार कै. नरहर सांगोलेकर, वय अदमासे बासष्ट, पूर्वी मुलींच्या शाळेत मास्तरीण, हल्ली पेन्शनर, राहणार उत्तर कसबा, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्या भिडेला न पडता करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे मात्र मोतीबिंदूने गेल्यात जमा आहेत, म्हणून मी सांगते आणि माझा धाकटा भाऊ वेणीमाधव, म्युनिसिपालिटीतला कारकून, लिहितो. ज्याला मिळकत मिळायची त्यानेच दस्त लिहू नये, असे वकिलांचे म्हणणे पडले. वकिलांनी त्याच्याइतके वळणदार अक्षर आधी दाखवावे, मग बोलावे.

कलम पहिले. खाली लिहिलेली सर्व मिळकत मी माझ्या पगारातून केली आहे. सासरचे तीत काही नाही. नवरा गेला तेव्हा मी परकरात होते. वडिलांनी लोकांची बोलणी सोसून मला शिकवले, म्हणून हे सांगण्याइतकी तरी झाले.

कलम दुसरे. शिवणाचे यंत्र, पुस्तके व भिंतीवरचे घड्याळ वेणीमाधवाची मुलगी शकुंतला हिला द्यावे. तिची ट्रेनिंग कॉलेजातली परीक्षा होईपर्यंत लग्नाचा विषय कोणी काढू नये. काढल्यास मुहूर्ताची वेळ कळू नये म्हणून घड्याळ बंद ठेवून तिने अभ्यास करावा.

कलम तिसरे. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी फुलाबाई हिने तांब्याचे घंगाळ आणि दारातली शेळी घ्यावी. शेळी तशीही माझे ऐकत नाही. फुलाबाईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "शेळी घेते, घंगाळ नगं. एवढं पानी तापवायला लाकडं कुटनं आनू?" तरी घंगाळ तिलाच द्यावे.

कलम चौथे, आणि खरे पाहता याच्याचसाठी हा सारा खटाटोप. सातारा जिल्ह्यात, वाठार स्टेशनावर उतरून मोटारीने घाट चढून गेले की डोंगराच्या कडेला 'सह्यछाया आरोग्य वसाहत' म्हणून नवी आखलेली वस्ती आहे. सरळ रस्ते, नंबर घातलेले प्लॉट, क्लबघर, टेनिसची जागा, हवा खायला येणाऱ्यांसाठी टुमदार बंगल्या. जाहिरातीच्या कागदावर हे सगळे छापून आले तेव्हा प्रत्यक्षात तिथे चुन्याच्या रेघा होत्या. पण सोलापूरचे उन्हाळे पत्र्याखालच्या वर्गात काढून मी इतकी भाजून निघाले होते, की मला त्या रेघाही गार वाटल्या. मी प्लॉट घेतला. घर बांधून घेण्याचे काम माधवाने अंगावर घेतले.

बंद खोलीत मला झोप लागत नाही, हे त्याला ठाऊक. वसाहतीचा नियम उतरत्या कौलांचा. याने चिटणीसांशी भांडून परवानगी काढली, इथून मल्लप्पा गवंड्याला नेले आणि घरावर आपल्याकडे घालतात तसे, वर झोपता येईल असे सपाट माळवद घातले. तुळया, फळ्या, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती. माती सोलापूरचीच हवी म्हणून तिची पोती रेल्वेने गेली. तिथल्या माळ्याने विचारले, पावसाचे काय? मल्लप्पा म्हणाला, "आमच्यात माळवद गळत न्हाय. लईच वाटलं तर वर चढून माती दाबायची, झालं की."

त्या डोंगरात पाऊस धरला की आठवडेच्या आठवडे सोडत नाही. श्रावणात माळवद खाली बसले. पावसाळ्यात वसाहत रिकामी असते म्हणून कोणाला इजा झाली नाही. दिवाळीनंतर माधव गेला तेव्हा बैठकीच्या खोलीत गवत वाढले होते, आणि क्लबघरात जो तो त्याला पोहायला कधी येऊ म्हणून विचारत होता. हा मिळेल त्या मोटारीने परत आला, तो आजतागायत तिकडे फिरकलेला नाही.

पुढे मी तिथल्याच गवंड्याकडून कौले घालून घेतली. घर आता ठणठणीत आहे. पण मला एकटीने गाडी बदलून जाता येत नाही, आणि याला दर उन्हाळ्यात काहीतरी आडवे येते. कधी मार्चअखेर, कधी तपासणी, कधी पोटदुखी. घर विकून टाकू, हा एकच धोशा. आत्ताही विचारतो आहे, "अक्का, हे मृत्युपत्रात कशाला?" लिही, माधवा. शाई माझी आहे.

आता त्याला तोंडाने कधी सांगितले नाही ते लिहवते. माळवद पडण्याआधीचा उन्हाळा मी त्यावर झोपले. वैशाखात दोन घोंगड्या पांघरूनही हुडहुडी भरे. सकाळी समोरच्या डोंगरावरून ऊन खाली उतरे, ते मी अंथरुणात बसून बघत असे. तेव्हा डोळे होते. जन्मभर मी घरात जिथे जागा उरेल तिथे अंथरूण टाकले. माझ्या झोपेचा विचार करून कोणी काही बांधले असेल तर ते याने. लोक त्याला हसले, आणि तो माझ्यापासूनच तोंड लपवतो. याचे मला फार वाईट वाटते.

कलम पाचवे. वसाहतीच्या चिटणीसांनी मला पाठवलेल्या पत्रात घराचा उल्लेख 'आपले जलमंदिर' असा केला होता. त्यांना माझी काळी छत्री पाठवावी. तिची एक काडी मोडलेली आहे. ती दुरुस्त करू नये.

कलम सहावे. ते घर मी वेणीमाधवाला देते. अट अशी की, माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने चैत्र-वैशाख तिथे राहावे, संध्याकाळी क्लबघरात चारचौघांत बसावे, आणि कोणी विचारल्यास "ते माळवद मी घातले, माझ्या बहिणीसाठी" असे मान वर करून सांगावे. न केल्यास घर वसाहतीच्या कमिटीला जाईल, म्हणजे चिटणीस त्यात पाय पसरून बसतील. त्याच्यासोबत तिथे एकदा जावे, अशी माझी फार इच्छा होती. आता ते होणे दिसत नाही, म्हणून मेल्यावर तरी त्याला धाडते. लेखक थांबला आहे. नाक पुसून झाले की पुढचे लिहील.

हे सर्व मी सांगितले, लिहवले आणि वकिलांकडून वाचून घेऊन ऐकले. शब्द माझेच आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याची हौस नाही.

स्थळ सोलापूर, माघ, शके १८५६, तारीख १२ फेब्रुवारी १९३५.

सही: गोदावरी सांगोलेकर (ओळ वाकडी गेली आहे, अक्षर माझेच.)

साक्षीदार:
श्रीधर अनंत वळसंगकर, वकील, सही.
मल्लप्पा बसप्पा, गवंडी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

दस्त लिहिणार वेणीमाधव एकनाथ मंगळवेढेकर. अक्काने सांगितले तसे लिहिले. माझ्याविषयीचा मजकूरही गाळला नाही. कलम सहामधली अट मात्र मला मान्य नाही. अक्का नसताना त्या घरात बसणे माझ्याने होणार नाही. चैत्रातल्या रजेचा अर्ज मी उद्या देतो आणि वाठारची दोन तिकिटे काढतो. क्लबघरात सांगायचे ते अक्काच्या शेजारी बसून सांगेन. तोवर हे मृत्युपत्र अमलात आणण्याची तिने घाई करू नये.