आलं की अल्ल

सप्तापूर, धारवाड
सोमवार, २ जून २०२५

चि. रोशेल,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून लिहायला बसले आहे. आमची योगिता तुला कॉलेजात भेटते, ती सांगते की तू हॉस्टेलवर वेळेवर जेवतेस. काय जेवतेस ते मात्र सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "तूच विचार की तिला."

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरून तू ही अक्षरं शिकलीस, म्हणून मुद्दाम मोठं आणि सुटं लिहिते आहे. कुठं अडलीस तर योगिताला विचारू नकोस. तिनं हे वाचावं असं मला वाटत नाही.

तुझी खोली कुणाला दिलेली नाही. दोन मुली विचारून गेल्या, मी खिडकीचं काम चालू आहे म्हणून सांगितलं. खिडकीचं काम कधीच झालं. काका सकाळी पेपर वाचता वाचता अजून म्हणतात, "हे रोशेलला विचारायला पाहिजे." क्रिकेटचंच असतं. वेस्ट इंडीजकडची मुलगी आणि तिनं आयुष्यात एकही मॅच पाहिलेली नाही, हे दोन वर्षांनंतरही त्यांना पटलेलं नाही.

तुझी शब्दांची वही इथंच राहिली आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर. मी ती उघडली. रागावू नकोस. पहिल्या पानांवर दोनच रकाने आहेत, इंग्रजी आणि 'घरची भाषा'. आम्ही घरात जे बोलतो ती एकच भाषा आहे असं तुला तेव्हा वाटायचं. भाजीवाल्याला "अण्णा, अर्धा किलो बदनीकाई द्या, आणि ताजी बेकू" असं म्हणून आलीस, तेव्हा तो हसला आणि तू मला विचारलंस, "मी काय चुकले?" मी म्हटलं, "काही नाही, धारवाडात असंच बोलतात." खोटं नव्हतं ते. मग वांग्यांची बदनीकाई आणि 'पाहिजे'चं बेकू कन्नडच्या नावावर लिहायला तू तिसरा रकाना आखलास.

एक अख्खं पान आल्याचं आहे. मराठीत आलं म्हणजे आलं, आणि आलं म्हणजे येऊन पोचलं. इकडच्या कन्नडमध्ये अल्ल म्हणजे आलं, आणि अल्ल म्हणजे नव्हे. तुझा सगळा अभ्यास शेतातलं आलं कुजतं त्या रोगावर, आणि तो एकच शब्द एका गावात 'आलं' म्हणतो, पुढच्या गावात 'नव्हे' म्हणतो. त्या दिवशी तू ओट्याला टेकून इतकी हसलीस की चहा उतू गेला. तेव्हापासून घरात तेच चालायचं. गॅस आला का, पाणी आलं का, कुरिअर आलं का, सगळ्याला तुझा एकच प्रश्न, "आलं की अल्ल?"

आता कुणी विचारत नाही.

बारा तारखेला तुझी तोंडी परीक्षा आहे हे योगिताकडून कळलं. त्यानंतर आठवड्यानं तुझं विमान. फेब्रुवारीत तू म्हणाली होतीस, "मावशी, त्या दिवशी सगळ्यांच्या घरचे येतात. बाहेर बाकावर बसतात, नंतर सगळ्यांना फराळ देतात. माझी आई एवढ्या लांब येऊ शकत नाही. तुम्ही बसाल?" मी म्हटलं होतं, बसेन, आणि हिरवी साडी नेसेन. त्या बाकाबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी दुसरं लिहायला पाहिजे, आणि दोन पानं झाली तरी मी खिडकी आणि क्रिकेटच लिहिते आहे.

तू गेल्यावर मी एक चिठ्ठी पाठवली होती. 'त्या दिवशी हळदीकुंकवाची गर्दी होती, गडबडीत काही बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस, आत्या जुन्या वळणाच्या आहेत.' तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबर केलंस. 'काही बोलले असेन' असं लिहिणाऱ्या बाईला काय बोलले ते नीट माहीत होतं.

गेल्या गुरुवारी जनाबाई आल्या. अळणावरजवळच्या त्यांच्याच शेतात तू दोन हंगाम वाफे मोजलेस, म्हणून मी नावानं ओळखत होते, पाहिलं नव्हतं. एसटीनं आल्या, डोक्यावर पिशवी. लावणीतून उरलेलं आलं तुझ्यासाठी आणलं होतं. दारातच विचारलं, "आमची पोर कुटं हाय?"

मला क्षणभर कळेना. म्हटलं, "कोण पोर?"

"आमची वो. तुमच्याकडं ऱ्हाती न्हवं? केसाच्या बारीक बारीक येण्या घालती ती. तिनं सांगिटलं तसं चर काढला, पानी निगून ग्येलं, यंदा निम्मं बी कुजलं न्हाई. म्हटलं, पोरीला दावून यावं."

मी सांगितलं की तू हॉस्टेलवर गेलीस. का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लायब्ररी जवळ पडते. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि पिशवी तिथंच उंबऱ्याच्या आत ठेवली. चहासुद्धा घेतला नाही, एसटीची वेळ झाली म्हणाल्या. ज्या बाईनं तुला शेताच्या बांधावर पाहिलं ती 'आमची' म्हणून गेली. दोन वर्षं माझ्या ओट्यापाशी उभी राहणारी तू, आणि मी काय म्हटलं?

आता लिहिते.

चैत्रातल्या त्या शुक्रवारी पन्ह्याऐवजी तुमच्याकडचं आल्याचं सरबत करू या, ही कल्पना तुझी. तुझी आई नाताळात करते ते. आदल्या दिवशी तू आलं किसलंस, लवंगा टाकून झाकून ठेवलंस, सकाळी लिंबं पिळलीस. मी तुला माझी विटकरी इरकल नेसवली. निऱ्या करताना तू म्हणालीस, "आईला व्हिडिओ पाठवायचा." खूप छान दिसत होतीस. तेव्हा म्हटलं नाही.

बायका आल्या. तू तबक घेऊन फिरत होतीस. वेणूआत्यांनी, म्हणजे काकांच्या सख्ख्या आत्यांनी, पेला उचलला, एक घोट घेतला आणि लगेच खाली ठेवला. तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे कुणी केलं?" म्हणाल्या.

नेमकं तेव्हाच शेजारच्या पार्वतीअक्का हसत हसत कन्नडमध्ये म्हणाल्या, "ईकी यार? निम्माकी एन?" ही कोण, तुमचीच का? चेष्टेनंच विचारलं त्यांनी. माझी साडी, माझं तबक, तुमचीच लेक वाटते, असं.

मी पार्वतीअक्कांना म्हटलं, "नम्माकी अल्ल." आमची नव्हे. "वर भाड्यानं राहते." आणि आत्यांकडे वळून मराठीत म्हटलं, "सरबत मीच केलंय. ती नुसती वाटतेय."

आम्हा लोकांना एक सवय आहे. मराठी माणसासमोर झाकायचं ते कन्नडमध्ये बोलतो, कन्नड माणसासमोर झाकायचं ते मराठीत. लहानपणापासून बघून बघून लागते, मला मिरजेहून इथं आल्यावर लागली. बोलताना आपण भिंतीआड आहोत असंच वाटतं. त्या दिवशी मी एकाच दमात दोन्ही भाषांत बोलले, आणि समोर अशी मुलगी उभी होती जिला दोन्ही मीच शिकवल्या होत्या. तुझ्यासाठी एकही भाषा मी शिल्लक ठेवली नाही.

तू जगमध्ये डोकावून पाहिलंस आणि म्हणालीस, "आलं संपलं, मावशी."

मी म्हटलं, "असू दे, आत दुसरा जग आहे."

मला खरंच वाटलं की तू सरबताबद्दल बोलतेस. किंवा तसं वाटून घेतलं. आलं संपल्यावर मागे अल्लच उरतं. तू तबक ठेवून वर गेलीस, आणि सोमवारी सामान बांधलंस. साडी घडी करून, पदरावरचा डाग धुऊन दिलीस.

दीड महिना मी आत्यांवर रागावून होते. माझ्याकडून त्यांनीच हे करवलं असं मनाशी म्हणत होते. जनाबाई येऊन गेल्यावर राहवेना. शुक्रवारी काका कोप्पीकर रोडला दुकानात निघाले, त्यांच्याबरोबर हुबळीला गेले आणि तशीच पुढं आत्यांकडे. त्या शेंगा सोलत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "आत्या, त्या दिवशीचं सरबत मी केलं नव्हतं. रोशेलनं केलं होतं. मी खोटं बोलले."

आत्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. तुझ्या हाताला एवढा ठसका कुठला?"

"मग तुम्ही पेला का ठेवलात?"

"अगं, ठसका लागला. या वयात आलं असं एकदम घशात गेलं तर काय होतं, विचार. म्हटलं, जरा दम घ्यावा आणि करणारणीला विचारावं, लवंगा किती घातल्या. तर तू म्हणालीस, मी केलंय. मग कशाला विचारू? तुझ्या लवंगा मला माहीत आहेत." पुढं म्हणाल्या, "पोरगी दिसली नाही नंतर. मी डाळ वाढून ठेवायला सांगितली होती तिच्यासाठी."

मी खाली बसले. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं, "आलीस तर सोल." खूप वेळ आम्ही शेंगा सोलल्या. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "मी काय म्हणेन असं वाटलं होतं तुला?"

मी सूप परत त्यांच्याकडे सरकवलं. तुला सांगते, कारण ते ऐकण्याचा हक्क तुझा आहे. मला वाटलं, त्या म्हणतील, हिच्या हातचं आम्हाला कशाला? हिचा रंग, हिची जात कोणती, ही काय खाते. त्यांनी यातला एक शब्द उच्चारला नाही. हे सगळे शब्द माझ्याकडे तयार होते. आत्यांचं तोंड मी फक्त उसनं घेतलं.

आणि ते त्या दिवशीच आले असंही नाही. तुझा निळ्या फुलांचा कप आठवतो? आल्या आल्या मी तुला दिला होता. तुला वाटलं पाहुणीला खास दिला. तू त्याचा फोटो काढून आईला पाठवलास आणि आईनं तुझ्याकरवी मला 'थँक यू' सांगितलं. रोशेल, तो खास नव्हता, वेगळा होता. आमच्या कपांत मिसळू नये म्हणून. तो मी वेगळा घासत होते, वेगळ्या फळीवर ठेवत होते. चार महिने. मग तू आमच्यातली होत गेलीस आणि मी ते विसरले, म्हणजे करायचं सोडून दिलं, पण कप तुझा तोच राहिला. त्या आईचं 'थँक यू' मी हसून घेतलं.

तू गेल्यावर तो कप मला आमच्या सगळ्या कपांच्या रांगेत उपडा ठेवलेला सापडला, बरोबर मधोमध. तुला कळलं होतं का? कधीपासून? मी रोज तो बघते आणि विचारत नाही, कारण समोर विचारायला कुणी नाही.

मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. बाजारात मी बोलायला लागले की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. "मराठी मंदी" म्हणायच्या, मंदी म्हणजे माणसं. तबक हातात घेऊन परक्या घरात उभं राहणं काय असतं ते मला माहीत होतं. माहीत असून मी केलं. हे जास्त वाईट, नाही का?

पार्वतीअक्कांनाही काल सांगून आले, गच्चीवरून नाही, घरी जाऊन, कन्नडमध्ये. "अव तंगी, अकी निम्माकी अंत नमगेल्ला गोत्तित्तु," म्हणाल्या. ती तुमचीच आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे माहीत नसलेली मी एकटीच.

आता बाक.

मी बारा तारखेला येईन. तू नको म्हणालीस तर नाही येणार, योगिताकडे तसा निरोप दे, ती मला समजावत बसणार नाही. काही कळवलं नाहीस तर साडेनऊला येऊन बाहेर बसेन. जनाबाईंचं आलं पिशवीत घेऊन येईन. ते तुझं आहे, मी त्यातला एक तुकडाही किसलेला नाही. फराळाचं आणेन, पण कुणी विचारलं तर कुणी केलं ते खरं सांगेन. सरबत आणणार नाही. ते मला येत नाही.

आणि तिथं तुझे सर, तुझ्या मैत्रिणी, कुणीतरी विचारेलच, ही बाई कोण, तुझी कोण लागते. तेव्हा मी उत्तर देणार नाही. तू द्यायचंस. कुठल्याही भाषेत दे, मला दोन्ही कळतात. "नम्माकी अल्ल" म्हणालीस तरी मी उठून जाणार नाही, तुझी परीक्षा होईपर्यंत तिथंच बसेन.

'मावशी' अशी सही करायचं मनात होतं. पण तो शब्द तू मला दिला होतास, आणि त्या दिवशी तबकाबरोबर तू तो खाली ठेवलास. म्हणून नुसतं नाव लिहिते.

सविता