वाचकाची जुडी

४ नोव्हेंबर, बुधवार

वाचकाला द्यायची म्हणे! मला नाही – वाचकाला!

ही जाऊन आज बावीस दिवस झाले. संध्याकाळी बुटकी आली. सिगारच्या कारखान्यात हिच्या शेजारच्या टेबलावर बसायची, ती. पिशवीतून एक जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. पंचवीस सिगार, पिवळी फीत. आजारी पडण्याआधी हिनं वळलेले शेवटचे.

"भावजी, ही वाचकांना पोचवायची. दवाखान्यात मला बजावून सांगितलंय तिनं. आणि तुमच्याच हातानं, असंही म्हणाली."

का, असं विचारणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्हाला तर ठाऊकच आहे." मी मान हलवली. मला काहीही ठाऊक नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

त्यांच्या कारखान्यात दोनशे माणसं एका दालनात बसून सिगार वळतात. हात कामात, कान मोकळे. म्हणून उंच खुर्चीवर एक माणूस बसवलेला. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, मोठ्यानं वाचायची. तोच त्याचा धंदा. एकोणीस वर्षं, दिवसाचे पाच-सहा तास, त्या माणसाचा आवाज हिच्या कानात! आणि मी घरी किती बोलायचो? वजनकाटे तपासायच्या खात्यात जन्म गेला. काटा बरोबर की चूक, एवढंच बोलायचं काम. बुटकी म्हणायची, भावजींच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

ही घरी आली की चपला काढता काढता सुरू – "अहो, आज वाचकांनी काय वाचलं माहितेय?" मी हूं म्हणायचो. कुठल्या तरी कादंबरीतल्या सरदाराला ही आमच्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त ओळखायची.

चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला, लेकीकडे समुद्राकाठी गेला. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

७ नोव्हेंबर, शनिवार

जायचं ठरवलं. बुटकी येऊन धडा देऊन गेली. घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा. आत देवदाराची पातळ फळी. स्पंजचा तुकडा भिजवून, पिळून, छिद्रं पाडलेल्या डबीत ठेवायचा – सिगारला तो लागता कामा नये. पाणी औषधाच्या दुकानातलं, शुद्ध केलेलं. नळाच्या पाण्यानं बुरशी येते. फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. उन्हात नाही, बसच्या टपावर नाही, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

"आणि सारखं झाकण उघडून बघू नका. लेकरू झोपलंय असं समजा."

ओल मोजायचं छोटं घड्याळही दिलं तिनं. काटा पासष्ट ते सत्तरच्या मध्ये हवा. दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. बरणीत ओलसर मीठ आणि घड्याळ ठेवून झाकण लावलं. बंद बरणीत ओलं मीठ हवेतली ओल नेमकी पंचाहत्तरवर धरतं; उद्या घड्याळानं तेवढंच दाखवायला हवं.

८ नोव्हेंबर, रविवार

बहात्तर दाखवलं. तीन कमी दाखवतं हे घड्याळ. लक्षात ठेवायचं.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज एक वाईट काम केलं. जुडी डब्यातून काढून खिडकीत ठेवली. कडक ऊन. बोललोच मनाशी – वाळू दे, पान तडकू दे. त्याच्या हातात भुसा पडू दे! तसं कुणाला कळलंही नसतं. प्रवासात वाळले, सांगितलं असतं.

खुर्ची घेऊन समोर बसलो. अर्ध्या तासानं फितीकडे लक्ष गेलं. गाठ हिची. दोन फेरे आणि एक टोक आत खोचलेलं. माझ्या जेवणाच्या डब्याचं फडकंही तसंच बांधायची.

उचलली आणि परत डब्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत काटा वर सरकेना. नको होतं करायला.

११ नोव्हेंबर, बुधवार. गाडीत

खिडकीची जागा मिळाली, पण खाली गरम हवेची नळी! डबा बाकाखालून काढला, मांडीवर घेतला. समोरच्या गृहस्थांना राहवेना.

"काय सोनंबिनं आहे काय त्यात?"

"सिगार."

"मग पेटवा की! सांभाळता काय अंडी उबवल्यासारखे?"

सगळा डबा हसला. मीही थोडा हसलो. माझे दोन्ही सदरे बॅगेत बोळा झालेत. त्या वाचकाचा ऐवज मात्र राजासारखा मांडीवर. घड्याळात चौसष्ट, म्हणजे सदुसष्ट.

एक आठवलं. ही आल्याशिवाय मी कधी जेवायला बसलो नाही. सांगितलं नव्हतं कुणी, पडलेली सवय. एका शनिवारी कसल्याशा लांबलचक कादंबरीचा शेवट व्हायचा होता. आठवडाभर हिला दुसरं सुचत नव्हतं. त्या संध्याकाळी ही नेहमीच्या वेळेला आली. जेवली, पण गप्प. मध्येच खिडकीबाहेर बघत राहिली. मी समजलो – रडवलं त्यानं! माझ्या समोर बसून त्याचा शेवट आठवतेय. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याबद्दलच बोलली असती.

महिनाभर पोटात होतं ते. अजून आहे.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी उतरलो, पुढे बस. वाहक डबा टपावर टाका म्हणाला. मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. आयुष्यात एवढा वाद घातला नव्हता.

पंखे, उघड्या खिडक्या, धूळ. दुपारी घड्याळ अठ्ठावन्नवर! स्पंज कोरडा, पाण्याची बाटली बॅगेत सांडलेली. बस थांबली तसा औषधाच्या दुकानात पळालो. इंजेक्शनच्या पाण्याच्या चार कुप्या मागितल्या.

"इंजेक्शन कुणाला द्यायचंय, काका?"

"सिगारांना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कुप्या दिल्या, सुट्टे द्यायला विसरला.

मुक्कामाच्या खोलीत आता सदुसष्ट धरतो. रागही वाटतो. माणसासाठी एवढी धावपळ केली नसेल मी. हिच्यासाठी तरी केली का?

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

भेटलो. चिमणीएवढा माणूस! जाड भिंगांचा चष्मा, अंगात लेकीनं विणलेला स्वेटर. आवाज मात्र – तो आवाज. 'बसा' म्हणाला तरी खोली भरली. अंगाचा तिळपापड झाला.

मी हिचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा कोरा.

"बसायच्या कुठे त्या?"

"तिसऱ्या रांगेत. खांबाजवळ."

"माफ करा. डोळे पुस्तकात असायचे. मी मान वर करत नसे, ओळ चुकते."

एकोणीस वर्षं! आणि ह्याला माहीत नाही! मी ज्याच्यावर जळत होतो त्याला ही कोण ते ठाऊकच नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्याची गचांडी धरावी असं वाटलं.

त्यानं उठून कपाट उघडलं. आत जुड्याच जुड्या. लाल फिती, निळ्या फिती, सुतळ्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

"काम सोडताना शेवटची जुडी वाचकाला. रीत आहे. स्वतःच्या हातानं द्यायची, नाहीतर घरच्या माणसानं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. विचारलं असतं तर बुटकीनं एका वाक्यात सांगितलं असतं.

"मग ओढत का नाही तुम्ही?"

"धूर? मी? घशावर पोट होतं माझं!"

त्यानं आमच्या जुडीतला एक सिगार काढला, कानाशी धरून बोटांत हलकेच दाबला. आवाज नाही. मऊ. मग कपाटातला एक घेऊन दाबला – वाळक्या पाचोळ्यासारखा चुरला.

"एवढ्या लांबून इतकी ताजी कुणी आणली नव्हती," म्हणाला. "त्या कशा होत्या, सांगाल?"

उंची सांगितली. चष्मा नव्हता म्हणालो. उद्या परत या, म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दारातच त्यांनी हात धरला. "रात्री एक आठवलं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं आणि सुटीचा भोंगा झाला. मी विचारलं, संपवू का? सगळे थांबले. एकच खुर्ची सरकली, खांबाजवळ, म्हणून मान वर केली. म्हटलं, बाई, दहाच पानं राहिलीत. तर म्हणाल्या – 'नको. आमचे हे ताटावर थांबले असतील.' सगळं दालन हसलं. एवढ्या वर्षांत माझं वाचन सोडून गेलेलं तेवढं एकच माणूस."

म्हणजे त्या शनिवारी हिनं शेवट ऐकलाच नव्हता! मग म्हणालो – ती दहा पानं मला वाचून दाखवा.