कच्चं डावीकडे, पक्कं उजवीकडे

आप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहायची वेळ आली ती एका भिकार कारणानं. मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला, तर इंटरनेटची ती रोजची खिडकी रात्रीत बदललेली. विचारलं नाही, सांगितलं नाही. वरच्या पट्टीवर मी दहा वर्षं एकेक करून लावून ठेवलेल्या सगळ्या साइटी गायब. उतरवून घेतलेला फॉर्म पूर्वी खाली डाव्या कोपऱ्यात येऊन बसायचा, आता वर उजवीकडे कुठंतरी एक बाण क्षणभर चमकतो आणि जातो. बाजूची सरकवायची पट्टी केसाएवढी बारीक झालीय, माउसच्या टोकानं धरायला जावं तर निसटते. बटणं बटणांसारखी दिसत नाहीत, नुसते शब्द लिहिलेत, त्यांतला कुठला दाबायचा आणि कुठला वाचायचा ते ज्याचं त्यानं ओळखावं. आणि मध्येच एक चौकट उगवते, तिच्यात 'हो' ठळक निळ्या रंगात आणि 'नको' असं फिकट की सूनबाईनं सासूला मनाविरुद्ध चहा विचारावा. येडगावची एक बाई रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला पहिल्या एस.टी.नं आलेली. निम्मा फॉर्म भरला आणि मी बटण शोधेपर्यंत वेळ संपला म्हणून साइटीनं आम्हाला बाहेर काढलं. बाई म्हणाली, "ताई, मशीन बिघडलं का वं?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, शहाणं झालं." ती हसली, पण तिची दुपारची गाडी चुकली.

शनिवारी तुमची नात पुण्याहून आली. ती हेच काम करते, आप्पा. कंपनीत बसून पडद्यावर काय कुठं असावं ते ठरवते. मी तिला म्हटलं, तुम्ही लोक आमच्या घरात शिरून चूल हलवता आणि वर म्हणता बघा किती मोकळं झालं. ती म्हणाली, "आई, स्वच्छ दिसायला नको का? आणि वाच ना, तिथंच तर लिहिलंय." तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून बोट ठेवलं, आणि खरंच तिथंच लिहिलेलं होतं. माझी एकदम कानशिलं तापली. कारण हे वाक्य माझं आहे. ह्याच खुर्चीमागं उभी राहून मी ते तुम्हाला म्हणायचे, ह्याच सुरात. "वाचा ना आप्पा, तिथंच तर लिहिलंय."

मला तुम्ही आधी आठवता ते प्रेसमध्ये. जुन्नरच्या त्या बोळातलं शेठचं प्रेस, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि तुम्ही उभे. छापायची अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला बसून काम नसतंच. समोर तिरकी लाकडी केस, तिच्यात शंभरावर खण, खणाखणांत शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. जे अक्षर सारखं लागतं त्याचा खण मोठा आणि हाताजवळ, जे क्वचित लागतं ते वर कडेला. तुम्ही खणांकडं बघत नाही. नजर समोरच्या कागदावर, आणि उजवा हात आपला आपण जातो, उचलतो, परत येतो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. डबा घेऊन आले होते, तुम्ही हात धुवायला गेलात, आणि मला वाटलं आपण आप्पांना मदत करावी. एका खणात खिळे उतू जात होते, शेजारचा अर्धा रिकामा होता. मी ह्यातले त्यात टाकून दोन्ही सारखे केले. तुम्ही आलात, जुळवायला लागलात, आणि तिसऱ्याच ओळीला थांबलात. मारलं नाहीत. हाताला धरून केसपुढं उभं केलंत आणि म्हणालात, "दुसऱ्याच्या केसला हात लावायचा न्हाई. कदीच. तुझी आई मिसळणाच्या डब्यात बघून हळद घेती का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग? तिच्या वाट्या कुनी फिरवल्या तर तिला हळद न्हाई घावत, आंधळं झाल्यावानी व्हतं." मग तो सगळा खण पालथा घालून एकेक खिळा वेगळा करायला तुम्हाला दुपार लागली, आणि मला ती सगळी दुपार शेजारी उभं केलंत. भूक लागली होती. रडले नाही.

त्याच दिवशी मी तो दुसरा नियम ऐकला. छापून तपासायला दिलेला मजकूर डाव्या हाताला ठेवायचा, चुका दुरुस्त झालेला उजव्या. "कच्चं डावीकडं, पक्कं उजवीकडं. आन पक्कं झालं की परत वाचत बसायचं न्हाई. वाचलं की मन डळमळतं."

प्रेस बंद पडलं तेव्हा खिळे किलोवर गेले. शेठनं तुम्हाला खिळ्यांसकट एक केस दिली, ती आईनं माळ्यावर टाकली. मी तोवर मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते, लग्न होऊन गावातल्या गावातच राहिले होते, आणि लग्नपत्रिकांचं दुकान काढायचं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले. तुम्हाला कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे मला वाटलं बैलाला इंग्रजी शिकवणं. पण तुम्ही शिकलात. उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस तुम्ही, पण पडद्यावर फाइलीच्या चित्राखालची बारीक इंग्रजी नावं तुम्हाला जड जायची, म्हणून तुम्ही ती वाचतच नव्हतात. तुम्ही पडद्याचीच केस केलीत. एकेक चित्र ओढून त्याच्या जागी नेऊन बसवलंत, मध्ये मोकळ्या जागा सोडून. रोजचं हाताजवळ, क्वचितचं कडेला. कच्च्या पत्रिका डावीकडे, पक्क्या उजवीकडे. मला ते दिसत नव्हतं. मला दिसायचा उकिरडा. गिऱ्हाईक समोर बसलं की मला त्या पडद्याची लाज वाटायची.

दिवाळीच्या आधी मी दुकान झाडायला घेतलं. फडताळं झाली, काउंटर झाला, भिंतीवरची जळमटं काढली, आणि शेवटी कॉम्प्युटरपुढं बसले. उजवं बटण दाबलं, नावाप्रमाणे लाव म्हटलं. एका टिचकीत सगळी चित्रं डावीकडं एकाखाली एक उभी राहिली, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. उजवी बाजू चकचकीत रिकामी. मला फार बरं वाटलं, आप्पा. तुम्ही आलात, चप्पल बाहेर काढलीत, खुर्चीवर बसलात, आणि कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिलात. दुकानात माणसं होती. मग तुम्ही एक चित्र उघडलंत, वरचा गणपती आणि खालचं लग्नस्थळ बघितलंत, आणि छापायला लावलंत.

ती कळंबच्या मुलीची पत्रिका. मुलीची आई ती लहान असताना वारलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं, आणि पोर वाढवली शिनोलीच्या मामानं. बापानं दिलेल्या मजकुरात वारलेल्या आईचं नाव नव्हतं. मामा तपासणीच्या दिवशी मुद्दाम आला होता. पागोटं मांडीवर घेऊन बसला आणि हळूच म्हणाला, "पोरीच्या आईचं नाव एका वळीत बसंल का? न्हाई बसलं तर माझं काडा." तुम्ही दोन्ही बसवलीत. आईचं नाव वर, मामाचं खाली. बापानंही मान डोलावली. ती पक्की प्रत तुम्ही उजवीकडे ठेवली होतीत; माझ्या टिचकीनंतर उघडली गेली ती कच्ची.

मामा पत्रिका घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. काउंटरवर गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "पयली देवापुढं ठिवली, मंग वाचली. माझं नसतं तरी चाललं असतं आप्पा. पन बहिनीचं तेवढं पायजे व्हतं." तुम्ही उठून उभे राहिलात. एक पत्रिका घेतलीत, दारातल्या उजेडात नेऊन वाचलीत. नंतर चष्मा काढून खिशात घातलात आणि म्हणालात, "पावणं, चूक माझी. डोळं गेलं माझं. माफ करा." दुपारपर्यंत सगळ्या पुन्हा छापल्यात, एकेक वाचून, आणि घोडेगावच्या एस.टी.नं स्वतः शिनोलीला नेऊन दिल्यात. पण देवापुढं ठेवलेली पहिली पत्रिका कोणी बदलत नाही. ती तशीच राहिली असणार.

त्यानंतर तुम्ही त्या खुर्चीवर बसला नाहीत. चार वर्षं. मागच्या बाजूला स्टुलावर बसून पत्रिका दुमडायचात, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचात. कोणी विचारलं तर म्हणायचात, आता नजर ऱ्हायली न्हाई. मोतीबिंदू बघायला डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले डोळे चांगले आहेत. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला काय कळतंय, मला कळतंय ना." चाळीस वर्षांचा हात, आणि तुम्ही त्याच्यावर रुसून बसलात. आईला वाटायचं म्हातारपण. मलाही तसंच वाटायचं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

एकदाच तुम्ही आईकडून माळ्यावरची ती केस खाली काढून घेतलीत. नातीचा वाढदिवस होता. वीज गेलेली, संध्याकाळ होत आलेली, चष्मा कोनाड्यात. तुम्ही केसपुढं उभे राहिलात, हात तीनदा गेला आणि आला, आणि तिच्या नावाचे तीन खिळे दोऱ्यानं बांधून तिच्या हातात ठेवलेत. तिनं ते शाईच्या पॅडवर दाबून वहीवर उमटवले. बरोबर होते, आप्पा. काना, मात्रा, सगळं. मी दारात उभी राहून बघत होते. त्या केसला कोणी हात लावला नव्हता.

तुम्ही गेल्यावर तुमच्या टेबलाच्या खणात शाळेची चौकटीची वही सापडली. एका पानावर पेन्सिलनं पडदा काढलेला, चौकटी पाडलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत तुमच्या सुबक अक्षरात: लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, दहावा. डावीकडे वर 'कच्चं', उजवीकडे 'पक्कं'. उजव्या बाजूच्या सगळ्यात वरच्या चौकटीत लिहिलेलं, 'शिनोली मामा'. पुढं एका पानावर तुम्ही तोच पडदा पुन्हा काढायला घेतला होतात, माझ्या टिचकीनंतरचा. डावी ओळ अर्धी भरलीत आणि सोडून दिलीत. म्हणजे तुम्ही प्रयत्न केला होता. नवं पाठ करायला बसला होतात, कोणाला न सांगता.

शनिवारी ती वही तुमच्या नातीनं पाहिली. बराच वेळ पाहिली. तिच्या कामाचंच ते पान आहे. मग तिनं विचारलं, "आई, आजोबांचे डोळे खरंच गेले होते का गं?" मी म्हटलं, हो. ती पुण्याला गेली, आणि तेव्हापासून मला भाकरी गोड लागत नाही. म्हणून आज बाजाराचा दिवस असून दुकान दुपारीच ओढून घेतलं आणि हे टाइप करत बसलेय. प्रिंटर चालू आहे. छापणार नाही. छापून ठेवायचं कुठं, तुमच्या फोटोमागं? हे पत्र मी पडद्यावरच ठेवीन, डाव्या बाजूला. उजवीकडे ठेवायची माझी लायकी नाही.

कारण त्या सकाळचं मी वर सगळं लिहिलं नाही. तुम्ही कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिलात एवढंच लिहिलं. मग तुम्ही मान वळवलीत. रागानं नाही, अगदी साधं विचारलंत, "पोरी, तू काय हलवलं का गं?" दुकानात माणसं होती. मला वाटलं आता पुन्हा ते केसचं पुराण लावतील चारचौघांत. मी पावती फाडत होते, वर बघितलंही नाही.

मी म्हणाले, "न्हाई, आप्पा." आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.