काट्यावर चढलेलं घर

पुएब्लो, २ सप्टेंबर १९९६

ति. व्हर्लाताईस ऑरिनचा सा. न. वि. वि.

अखेर आम्ही घर घेतोय, तेही चाकांवरचं! पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायची ती फिफ्थ व्हील. दुकानात दोन आहेत. एक हलकी, पातळ भिंतींची. दुसरी नेहमीची भारी, तिच्यात ओव्हन आणि रुंद पलंग. फर्नच्या कंबरेला तो पलंग हवाच, बायकोचं ऐकावंच लागतं. आपली पिकअप भारी गाडी सहज ओढेल असं विक्रेता म्हणाला, माहितीपत्रकात वजनही छापलंय. महिनाअखेरीस वुल्फ क्रीक घाटानं ॲरिझोनाला निघू. वाटेत तुझ्याकडे जेवायला थांबू. हिरव्या मिरचीचा रस्सा कर, मागच्यासारखा पांचट नको.

लोभ आहेच, तो वाढवण्यात काटकसर नको.

तुझा ऑरिन

अलामोसा, ६ सप्टेंबर

चि. ऑरिनास अ. आ.

छापलेलं वजन रिकाम्या गाडीचं असतं, गाढवा! पाणी, गॅस, फर्नच्या पीचच्या बरण्या, तुझी हत्यारं कोण धरणार? ओढण्याचं कौतुक मला सांगू नकोस. उतारावर थांबवणार कसा? पिकअपच्या दारावर किती भार झेपतो ते लिहिलेलं असतं, ते वाच. हलकीच घे. फर्नला माझी माया सांग.

ताई

पुएब्लो, ९ सप्टेंबर

ति. ताईस सा. न.

तू फार भित्री झालीस. वेंडेलभाऊजींचे ब्रेक निकामी झाले होते, हे तूच सांगत आलीस. माझे कोरे करकरीत आहेत. भारी गाडी दारात आलीसुद्धा. आता आशीर्वाद दे आणि रश्शाचं बघ.

ऑरिन

अलामोसा, १२ सप्टेंबर

चि. ऑरिनास अ. आ.

ब्रेक चांगले होते. भारानं तापून गेले. वेंडेल हलकी घेऊ म्हणत होता, ओव्हनचा हट्ट माझा. निघताना पाण्याची टाकीही मीच गच्च भरली. तो म्हणाला, आधी काट्यावर तोलून घेऊ. उशीर होईल म्हणून मी अडवलं. दुपारी त्याच घाटात तो गेला आणि मी वाचले. दहा वर्षं मी ब्रेकला दोष देतेय. मला स्वतःची लाज वाटते. तुझ्या पाया पडते, ऑरिन, गाडी भरून एकदा काट्यावर ने.

ताई

पुएब्लो, १७ सप्टेंबर

ति. ताईस सा. न.

पत्र वाचून फर्न रडली. काल सगळं सामान भरून पशुखाद्याच्या दुकानामागच्या काट्यावर गेलो. पिकअपला झेपतं त्यापेक्षा नऊशे पौंड जास्त निघालं. भारी परत केली, हलकी आणली, गादी तेवढी जाड घेतली. ती पाणी भरून तोलली, आता बसतं.

रागावू नकोस, पण चावी भाऊजींच्या हातात होती, काटाही त्यांना ठाऊक होता. सगळा दोष तुझा नाही. घाट उतरताना तू आमच्याबरोबर हवीस. तुझे दीडशे पौंड धरलेत. जास्त असतील तर कळव.

तुझाच ऑरिन

अलामोसा, १९ सप्टेंबर

चि. ऑरिनास अ. आ.

एकशे अठ्ठ्याहत्तर. पुन्हा काट्यावर जा, मग मला न्यायला या.

ताई