बाहेरून एम.ए.

आये, आज आपल्या शहापूरच्या एस.टी. स्टँडवर पुन्हा तो फलक लागला. घरबसल्या पदव्युत्तर पदवी, परवडणाऱ्या खर्चात. काळा झगा घातलेली एक गोरीपान मुलगी दात दाखवून हसते आहे आणि खाली अभ्यासकेंद्राचा पत्ता. मला अशी शिसारी आली की समोरचा चहा तसाच टाकून उठले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी 'परवडणारं' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. कुणाला परवडलं, हे त्या फलकावर कधीच लिहिलेलं नसतं.

बी.ए. झाल्याझाल्या मी शहापूरच्या भातगिरणीत पावत्या लिहायला लागले. दोन हजार साल अजून उजाडायचं होतं. बाबा नव्हते, तू दवाखान्यात आया. मला कॉलेजात शिकवायचं होतं, त्याला एम.ए. हवं, आणि एम.ए.साठी रोज कल्याण गाठायचं म्हणजे गिरणीतल्या पगारावर पाणी सोडायचं. गिरणीच्या मालकांनीच सुचवलं, बाहेरून कर की, स्वस्तात होतं. घरी येऊन मी तुला तेवढंच सांगितलं. तू तांदळाची भाकरी थापत होतीस, हात थांबला तुझा. "बाहेरून? झेपंल काय गो आपल्याला?" मी म्हटलं, अगं, उलट स्वस्त असतं. तू मान हलवलीस, पण तुला ते पटलं नव्हतं. का पटलं नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं. दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, हे औषध इथं नाही, बाहेरून आणा. आतलं फुकट, बाहेरचं पैशाचं, आणि पैशाचं तेच गुणाचं, असं तू सारा जन्म ऐकत आलेली. तुझ्या लेखी कॉलेजात बसून करतात ते आतलं, साधं. तुझी लेक करणार ते बाहेरूनचं, म्हणजे भारी. वॉर्डातल्या सगळ्या बायांना तू सांगत सुटलीस, "माजी पोर बाहेरून एम्मे करते." मग एक दिवस दवाखान्याने भंगारात काढलेली लोखंडी खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आलीस. "एम्मेवालीनं भुईवर बसू नये." एक पाय आखूड होता तिचा. त्याखाली तू औषधाचं खोकं घडी करून सरकवलंस आणि स्वतः आधी बसून बघितलंस.

अभ्यासकेंद्र म्हणजे शहापूरला टायरच्या दुकानावरची एक खोली. ती चालवणारा माणूस स्वतःला संचालक म्हणवून घ्यायचा. प्रवेशाची फी खरोखरच कमी होती, खोटं कशाला बोलू? पण मग तो माणूस प्रत्येक दाराशी हात पसरून उभा. स्वाध्याय जमा करायचे वेगळे, परीक्षेचा अर्ज पुढे पाठवायचे वेगळे, हॉल तिकीट हातात द्यायचे आणखी वेगळे. रविवारी तास घ्यायचा असे, तर दाराला कुलूप, आणि खालचा टायरवाला सांगायचा, "सर लग्नाला गेलेत." दोन्ही वर्षं त्या माणसाच्या घरी लग्नंच चालली होती. फीमध्ये मिळायची पुस्तकं आली ती परीक्षा आटोपल्यावर, म्हणून त्याच्याच भावाच्या दुकानातून गाईडं घ्यावी लागली. परीक्षेपायी गिरणीत खाडे झाले, त्यांचा पगार कापला गेला. हे सगळं भरून काढायला तू दुसऱ्या बायांच्या पाळ्या अंगावर घेतल्यास आणि पायांवर सूज घेऊन घरी यायला लागलीस. पहिलं वर्ष संपल्यावर मी म्हटलं, बास झालं, सोडते. कधी नव्हे ती तू माझ्यावर खेकसलीस. "बाहेरून आनलेला औषध मधीच सोडतात काय? कोर्स पुरा कराचा!" मला हसू आलं. तुला नाही आलं.

कोर्स पुरा केला. तालुक्यातल्याच एका संस्थेच्या कॉलेजात मुलाखतीला बोलावलं, तेव्हा तूही नवं लुगडं नेसून सोबत आलीस. आत टेबलापलीकडे तिघं बसलेत. पुढ्यात काजूची बशी. मधला सफारीवाला माझी गुणपत्रिका दोन बोटांनी उचलतो, जशी काही ती ओली आहे. "अच्छा. बाहेरून." एवढंच. माझा विषय इतिहास, त्यावर एक प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात काय, तर लग्न ठरलंय का. कागदोपत्री ती पदवी दुसऱ्या कुठल्याही पदवीइतकीच खरी होती आणि हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. मी बाहेर आले, तर तू बाकावर बसून शिपायाला रंगवून सांगते आहेस, "बाहेरून केलाय तिनं. सगला खर्च घरचा." सफारीवाला पान थुंकायला माझ्या मागोमाग आलेला, त्याने ते ऐकलं. "आजी, बाहेरूनचं कोणी धरत नाय हो," म्हणाला, हसला, आणि तुळशीच्या कुंडीत पिचकारी मारली.

परतीच्या एस.टी.त किन्हवली येईपर्यंत तू नव्या लुगड्याचा पदर घडी करत, उलगडत राहिलीस. मग खिडकीकडे बघतच विचारलंस, "बाहेरूनचा धरत नाय, मंग बाहेरूनचे पैशे कसे धरले गो त्यांनी?" नंतर मी आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे तोच शब्द, तेच हसू. गिरणी सुटली नाही. तू मात्र त्या दिवसाबद्दल पुन्हा काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तू सगळं विसरलीस.

तू गेलीस त्यानंतर दहाव्याला दवाखान्यातल्या बाया घरी आल्या. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आयाने माझा हात धरला. "म्याडम, रडू नका. तुमची आय लय खुशीत गेली. कालेजात तुमी शिकवता, पोरं उठून हुबी राहतात, रोज सांगं ती." आये, इतकी वर्षं तू पाळीवर जाऊन मला रोज कॉलेजात पाठवत होतीस, आणि संध्याकाळी घरी मला गिरणीतला भुसा झटकून आत ये म्हणत होतीस. "शिकवता ना अजून?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? इथंच राहील. पण लिहायलाच बसले आहे तर एवढं सांगून टाकते. त्या संचालकाची मला किळस येते, सफारीवाल्याची येते, स्टँडवर हसणाऱ्या त्या पोरीचीसुद्धा येते, तिचा बिचारीचा काय दोष असेल तो असो. तुझ्या त्या खोट्याची मात्र येत नाही. स्टँडवरून घरी यायला सरळ रस्ता आहे. बाजाराच्या दिवशी मी तो सोडते आणि दवाखान्यातल्या बाया सुकी मासळी घेतात त्या ओळीतून येते, सावकाश, कुणी म्याडम म्हणून हाक मारतंय का ते बघत.