घासलेलं बक्कल

४ मे १९९५, नेरूळ

पोचले! एसटीत बसताना आई रडली. मी मात्र हसत हात हलवत होते. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी मला पत्रिका न विचारता, नुसतं माझं काम बघून बोलावलंय.

सयाजीराव साहेबांचं रो-हाऊस खाडीच्या बाजूला आहे. शेजारची निम्मी घरं अजून रिकामी, खिडक्यांना काचासुद्धा बसलेल्या नाहीत. साहेब स्वतः फाटकात उभे होते. कोकमाचं सरबतही त्यांनीच करून दिलं. ते पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या हाताखाली हवालदार होते.

वरची खोली बघून मला नाचावंसं वाटलं. हेल्मेटं, बिगूल, पितळी बिल्ले, पदकं, शिट्ट्या, चामडी पट्टे. सगळं धुळीत पडलेलं. एकेक वस्तू कुठली, कधीची, खरी की नकली ते ओळखून तिला चिठ्ठी लावायची, एवढंच माझं काम. हे काम आहे की सुट्टी!

७ मे

आज एक नकली बक्कल पकडलं. समोरून राजाचा मुकुट अगदी सुबक, पण उलटं केलं तर पाठ रवाळ. म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेलं. खरं बक्कल ठशाने ठोकलेलं असतं, त्याची पाठ गुळगुळीत लागते. साहेबांना सांगितलं तर ते खो खो हसले. पंधरा वर्षं छातीशी धरून बसलो होतो म्हणाले.

हे सगळं मला आबांनी शिकवलं. मी शाळेतून आले की ते ओटीवर बिल्ले मांडून बसायचे आणि विचारायचे, सांग हा कुठला? चुकले तरी रागवायचे नाहीत. धाकट्या विश्वजितला यात कधी गोडी नव्हती.

त्याचीच काळजी वाटते. फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळलाय. डॉक्टरांना काही सापडत नाही. उशी ओली होते आणि तिला खारा वास येतो, असं आई सांगते. आमच्या साताऱ्याकडच्या गावापासून समुद्र कुठल्या कुठे.

११ मे

साहेबांनी आज कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. हात न लावता ट्रेमधून माझ्यापुढे सरकवला. आत पट्ट्याचं पितळी बक्कल होतं, पोलीस शिपायाचं. त्यावरचा नंबर कुणीतरी कानशीने घासून काढलेला. तो वाचता येईल का, असं त्यांनी विचारलं.

येतो की! आकडा ठोकताना पितळ आतपर्यंत दबलेलं असतं. वरून कितीही घासा, खाली खूण राहते. पातळ तेजाबाचा बोळा फिरवत बसले. तासाभराने पितळावर आकडे हळूहळू वर आले, पाण्यातून यावेत तसे. साहेबांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं, चारशे सतरा.

त्यांनी डोळे मिटून खुर्चीत अंग टाकलं. मग बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. एका नंबरासाठी पेढे! जातिवंत हौशी माणूस.

१३ मे

आईचा फोन आला. विश्वजित उठून बसला, दोन भाकरी खाल्ल्या, ओसरीवर चालला. परवा दुपारपासूनच उतार पडला म्हणे. मी देवापुढे साखर ठेवली.

आज भर दुपारी फाटकाबाहेरच्या बदामाखाली एक माणूस उभा होता. पाठमोरा, खाकी हाफपँट, उघडं डोकं. कपडे निथळत होते. एवढ्या उन्हात पायाखालची जमीन भिजलेली. पाणी हवं का विचारायला खाली गेले, तर कोणी नाही. ओल मात्र होती.

१४ मे

तो आज फाटकाच्या आत होता. पाठमोराच.

साहेबांना हाक मारली. ते त्याच्या अंगावरून नजर फिरवून म्हणाले, अंगणात कोणीच नाही, तुला ऊन लागलंय. पण त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. सुटका झाल्यासारखा चेहरा होता त्यांचा. तो मला त्या माणसापेक्षा जास्त खटकला.

१६ मे

बक्कल आज डब्यात नव्हतं. माझ्या बिछान्यावर होतं, ओलं. आता त्याला पट्टाही आहे, कुजका, चिखलाने माखलेला.

स्वयंपाकाला नेरूळ गावातल्या राहीबाई येतात. त्यांनी तो पट्टा पाहिला आणि हातातली परात खाली ठेवली. "यो हितं कसा?" एवढंच म्हणाल्या. मी पाय धरले तेव्हा बोलल्या.

एकाहत्तर साल. त्यांचे मालक मोरा बंदरात होडी चालवायचे. धक्क्याजवळ त्यांना पाण्यात एक शिपाई सापडला. डोकं मागून फुटलेलं, कमरेला हा पट्टा. त्या आठवड्यात तिथे चोरटा माल उतरला होता, आणि एक शिपाई वर कळवणार अशी कुजबुज होती. ओळख पटवायला इन्स्पेक्टर आले, बरोबर एक हवालदार. दोघांनी सांगितलं, हा आमचा माणूस नव्हे. बेवारस म्हणून जाळला.

"नवरा सांगं, हवलदारानं आदी मुडद्याच्या कमरंचा पट्टा सोरून घेतला, मंग नाय म्हनला."

इन्स्पेक्टर कोण, ते मी विचारलं नाही. राहीबाईंची नजर साहेबांच्या खोलीकडेच होती. हवालदार कोण, तेही नाही विचारलं.

१७ मे

सकाळीच एसटीडी बूथवरून आबांना फोन केला. चारशे सतरा कोण, म्हणून विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "नंबर तूच वाचलास ना? मोठ्यानं?"

हो म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला. वजन उतरवल्यावर हमाल सोडतो तसा.

मग सगळं सांगितलं, सरळ, शांत आवाजात. तो ज्ञानू. आमच्याच आळीतला. आबांनीच त्याला भरती केलं होतं. म्हणजे चांगुणाबाईचा नवरा! चोवीस वर्षं कुंकू लावून वाट बघणारी चांगुणाबाई. नवरा परागंदा झाला म्हणून सासरच्यांनी हाकललेली. तिच्या घरी आबाच दर दिवाळीला फराळ पाठवतात. मी नेऊन देत आले.

मेलेला ज्ञानू आधी साहेबांच्या घरात शिरला, त्यांची बायको गेली. मग विश्वजितच्या उशाशी येऊन बसला. भगताने सांगितलं, ज्यांनी ओळख नाकारली त्यांनी किंवा त्यांच्या रक्तातल्या कुणीतरी ओळख द्यावी, मग तो बाकीच्यांना सोडेल आणि ओळख देणाऱ्याला धरेल.

मी विचारलं, तुम्ही का नाही वाचलात? तुम्हालाच तर येतं.

आबा म्हणाले, "पोरगा एकुलता आहे गं. तू पहिल्यापासून समजूतदार."

आणि मागून आईचा आवाज आला. राजनंदिनीचा फोन का, जेवली का विचारा. तिला काहीच माहीत नाही. आबांनी तिला सांगितलं, मजेत आहे म्हणते.

त्याच दिवशी, दुपारी

बूथवरून तशीच पळून जायला हवं होतं. पण बक्कल हवं होतं. ते चांगुणाबाईच्या हातात ठेवायचं, खरं काय ते सांगायचं. कुणीतरी सांगायलाच हवं तिला. म्हणून परत आले, वर गेले, पट्टा पिशवीत टाकला. खाली ग्रिल ओढल्याचा आवाज. कुलूप. साहेबांची स्कूटर.

मागच्या दाराला पण कुलूप. दिवाणखान्यातला फोन नेलाय. खिडक्यांना गज. शेजारी कोणी राहत नाही, हे मला पहिल्या दिवशी किती छान वाटलं होतं.

१८ मे

ओरडून आवाज बसला. राहीबाई आल्या, ग्रिलपाशी. त्यांना म्हटलं, सातारच्या चांगुणाबाईला कळवा, तिचा नवरा पळाला नव्हता. गावाचं नाव सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. त्या माझ्या खांद्यामागे बघत होत्या. मानसं घेऊन येते म्हणाल्या, आणि धावल्या.

मी मागे वळले नाही. मानेवर थेंब पडला.

जिन्यात पाणी आहे. वरून खाली येतंय.

अजून कोणी नाही आलं.

१९ मे, सकाळ

तो समोर बसलाय. आता पाठमोरा नाही.

चेहरा— पाण्याने फार काही ठेवलं नाही. पण राग नाही त्यात. मला वाटलं होतं राग असेल.

मी म्हणाले, ज्ञानूमामा. त्याने मान वर केली. कुणीतरी चोवीस वर्षांनी—

शाई पसरतेय. टेबलावरून पाणी—

बोलतोय. आवाज आमच्या आळीतला, अगदी आमचाच. विचारतो, "हवालदार येतायत ना गं? म्हनले, तू फुडं हो, मी हाय मागं."

अजून वाट बघतोय. त्याला माहीतच नाही कुणी मागून—

पट्टा त्याच्या हातात आहे. माझ्या कमरेभोवती— गार—

परत विचारतो. येतायत ना?

मी सांगितलं, नाही येणार, मामा. आबा नाही येणार. मला पण त्यांनीच पुढे